बंडीला चड्डी

संगमेश्वरी, शास्त्री-सोनवीच्या संगमाच्या वाटेवर, आमचा चार वर्षांचा नातू धावता धावता थबकला व दोन्ही हातांनी चड्डी सावरू लागला. बरोबरीची मुले हसली. ते आमच्या जिव्हारी लागले. या वयात मुलाला पोट असते, कंबर नसते! नाडीची निरगाठ बसते, इलास्टिकचा वळ उठतो, गॅलिस खांद्यावरून घसरतात. युरोपात १७९० च्या सुमारास मुलांच्या विजारी जाकिटालाच बटणांनी जोडीत. आम्हीही सुती बंडीच्या घेराला दुहेरी पट्टी लावून सहा बटणे शिवली, चड्डीला तितकीच काजे केली. भार खांद्यांवर गेला खरा. पण शौचास जाताना मागची बटणे पोराच्या हाती येईनात, आणि त्याची त्रेधा उडाली. पुन्हा उसवून ती सारी पुढे व कुशीला घेतली. आता तो कोणाला हाक मारीत नाही.