हुरडा, वाइन आणि वीसपैकी मार्क

वाइन चाखायची म्हणजे नाशिक, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण तीच गोदावरी धरून खाली परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठला गेलात तर? तिथे टेस्टिंग रूम नाही, आणि खरी गंमत तीच!

'वाइन टूर' म्हटलं की पुण्या-मुंबईची गाडी आपोआप नाशिकच्या दिशेने वळते. गंगापूर धरणाचं पाणी, द्राक्षबागांवर उतरलेली संध्याकाळ, हातात उंच दांडीचा ग्लास, शेजारी आवडती मंडळी. अशा वेळी समोरची वाइन वाईट लागणं जवळपास अशक्य! मार्क मिळतात ते निम्मे वाइनला आणि निम्मे सूर्यास्ताला.

हौस म्हणून वाइन चाखणाऱ्या आणि वहीत मार्क लिहून ठेवणाऱ्या आमच्या चौघांच्या कंपूचा हा जुना वाद. मार्क नेमके कशाला द्यायचे? बाटलीला, की त्या वीकएण्डला? मग ठरलं, बाटल्या नाशिकच्या, पण परीक्षा नाशिकबाहेर. आणि परीक्षेचं सेंटर? आमचं गाव, सोनपेठ.

जगात जर्मनी, देशात परभणी!

सोनपेठ परभणी जिल्ह्याच्या दक्षिणेला. एका बाजूला संत जनाबाईंचं गंगाखेड, एका बाजूला पाथरी, आणि खाली बीड जिल्ह्यात वैजनाथाची परळी. तालुक्याच्या उशाला गोदावरी वाहते. इथल्या खडका बंधाऱ्याचं पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. रानात काळी माती, कापूस, सोयाबीन, ऊस आणि रब्बीला ज्वारी. द्राक्षाची बाग शोधत फिरू नका.

पण नदी तीच आहे बरं का. त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, नाशिकच्या बागांना पाणी पाजते, पैठणला जायकवाडीत साठते आणि मग आमच्याकडे येते. टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं की नाही, यावर दोन्हीकडची माणसं भांडतात, कोर्टात जातात. त्या भांडणातला परवलीचा शब्द 'समन्यायी'. आमच्या मार्कांनाही तोच शब्द लावायचा होता.

जानेवारीत जायचं कारण सोपं. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च चालते, आणि नेमका तेव्हाच मराठवाड्यात हुरडा असतो. उन्हाळ्यात तापणारं परभणी थंडीत चांगलंच गारठतं, रात्रीचा पारा कधीकधी एक आकड्यावर उतरतो. रेड वाइनला जी 'रूम टेंपरेचर' म्हणतात ती १६ ते १८ अंशांची. मे महिन्यात आमच्या माडीवर ४२ असतं, त्या रूमचं टेंपरेचर धरलं तर वाइनचा काढाच व्हायचा!

थोडा इतिहास, ग्लास हातात घेण्याआधी

महाराष्ट्रात आधुनिक वाइनची सुरुवात नाशिकला नाही, नारायणगावला झाली. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी तिथे 'इंडाज' उभी केली आणि बुडबुड्यांची भारतीय वाइन परदेशात पाठवली. मग राजीव सामंत अमेरिकेतली 'ओरॅकल'मधली नोकरी सोडून नाशिकला आले. त्यांनी १९९७ साली वाइनची द्राक्षं लावली आणि २००० साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. पुढे सोलापूर जिल्ह्यात अकलूजला 'फ्रातेली'च्या बागा आल्या.

सगळं काही गोड नव्हतं. २००८ नंतर मंदी आली, विक्री घसरली, आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. बाटलीमागे शेतकरी असतो, हे मार्क देणाऱ्याने विसरू नये, ते यासाठी. वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलची आणि ऑक्टोबरची, आणि मध्येच अवकाळी आली की सगळं मुसळ केरात. आपण मात्र एसीत बसून 'बारा मार्क, पातळ आहे' असं लिहून मोकळे!

पंगत बसली

काकांच्या शेतात आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजली जात होती आणि काकू ती हातावर चोळून गरम दाणे पुढे टाकत होत्या. सोबत गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचा ठेचा. आम्ही मात्र ठेच्याकडे पाठ करून बसलो. तिखटाने जिभेची आग झाली की वाइनमधला अल्कोहोल जास्तच जाळतो, म्हणून आधी परीक्षा, मग पंगत.

व्यवस्था साधी होती. पाच बाटल्या, दोन व्हाइट आणि तीन रेड. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलेलं आणि त्यावर फक्त नंबर. गुंडाळणारा चुलतभाऊ पिणाऱ्यांत नव्हता. ग्लास सगळ्यांचे एकाच मापाचे, कारण ग्लास बदलला की वास बदलतो. व्हाइट बाटल्यांभोवती ओलं गोणपाट गुंडाळून त्या वाऱ्याला ठेवल्या होत्या. कोरड्या हवेत हा फ्रिज बिनविजेचा चालतो. थुंकायला आत्याच्या कपाटातली पितळी पिकदाणी निघाली. हो, थुंकायचंच! पाच वाइन गिळल्या की पाचवीला सगळेच उदार होतात.

मार्क वीसपैकी. रंगाला २, वासाला ६, चवीला ८ आणि घोट गेल्यावर मागे काय उरतं त्याला ४. बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, दुसऱ्याच्या वहीत डोकवायचं नाही. थेट दहावीचा पेपर!

आत्याचं नाक

आत्या वाइनला शिवणारही नाही. पण वास घ्यायला हरकत नव्हती. आमच्यातल्या एकीने दोन नंबरच्या व्हाइटवर 'गूजबेरी' असं लिहिलं होतं. ती गूजबेरी तिने आयुष्यात पाहिलेली नाही, पुस्तकात वाचलेली आहे. आत्याने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "पेरू हाय की रे हा. अर्धा कच्चा. आन् ढोबळी मिरची कापल्यावानी येतंय."

सोव्हिन्यॉं ब्लां अगदी अशीच वास मारते! ढोबळी मिरचीला जो वास देतात ते पायराझिन नावाचे घटक या द्राक्षातही असतात. शिराझमध्ये काळ्या मिरीचा झणका येतो, त्यामागचं रोटंडोन हे रसायन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ साली शोधलं. तेच रसायन मिरीतही असतं. तेव्हा परक्या फळांची नावं पाठ करण्यापेक्षा जांभूळ, करवंद, चिंच, पेरू, मिरी हे शब्द वापरा. वाचणाऱ्याला कळतं आणि लिहिणाऱ्याला खोटं लिहावं लागत नाही.

दोषांचंही तसंच. बूच खराब असेल तर वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या गोणपाटाचा वास येतो. ब्रेटानोमायसेस नावाचं यीस्ट माजलं की गोठ्याचा येतो. हे वास मराठवाड्यात कुणाला शिकवायला नकोत.

एकच वाइन, दोन निकाल

आता खरी मेख. चुलतभावाने तीन आणि पाच नंबरला एकच वाइन ठेवली होती, एकाच कंपनीची, एकाच वर्षाची, एकाच खोक्यातली. आमच्यातल्या सगळ्यात ठाम परीक्षकाने तीनला १३ दिले आणि पाचला १६! वर शेरा, 'पाच नंबर कितीतरी वरच्या दर्जाची.'

हसू नका, हे मोठमोठ्यांचं होतं. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन या वाइन बनवणाऱ्या माणसाने तिथल्या राज्य जत्रेतल्या अनुभवी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन गुपचूप तीन वेळा दिली. शंभराच्या पट्टीवर एकाच माणसाचे मार्क साधारण चारने वर-खाली होत होते. सातत्य दाखवणारे निघाले दहात एक. हा अभ्यास २००८ साली छापून आला. त्याआधी २००१ साली फ्रान्समध्ये फ्रेडरिक ब्रोशे यांनी व्हाइट वाइनमध्ये लाल रंग टाकून ५४ विद्यार्थ्यांना दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी जिभेला असं फसवलं!

म्हणजे मार्क देणं थोतांड का? तसं नाही. चौघांच्या वह्या एकत्र ठेवल्या तेव्हा एक बाटली चौघांच्याही तळाला होती, आणि चौघांनीही तिला उकडलेल्या मनुकांचा वास लिहिला होता. ढोबळ फरक माणसाला कळतो. १५ आणि १५.५ मधला मात्र कळतो असं मिरवू नये.

काकांचा प्रश्न

काका इतका वेळ कणसं परतत ऐकत होते. विचारलं, "तुझ्या मार्कानं कुणाचा भाव पडतो का रं?"

मग त्यांनी कापसाचं सांगितलं. बैलगाडी घेऊन रात्रभर रांगेत उभं राहायचं. सकाळी एक माणूस येणार, गाडीत हात घालून मूठभर कापूस ओढणार, बोटांत धागा ताणून बघणार आणि ग्रेड सांगणार. वर्षाची कमाई त्या एका चिमटीत. "त्याचं पोट दुखत आसलं तरी आमचीच ग्रेड पडायची," काका म्हणाले. आता ओलावा मोजायला मीटर असतो. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढे माल घेत नाहीत. "मीटर कडू बोलतंय, पण सगळ्यांना सारखंच बोलतंय."

यापेक्षा चांगली व्याख्या कुठल्या वाइनच्या पुस्तकात मिळणार?

तळाची ती मनुकावाली बाटली आठवा. वाइन बिघडलेली, की वाइन शॉपच्या उन्हात भाजलेली? बूच किंचित वर सरकलेलं होतं, म्हणजे उष्णतेचा मार. मार्क त्या शेतकऱ्याचे कापायचे की दुकानदाराचे? आम्ही तिच्यापुढे काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दुकानातून तीच वाइन पुन्हा आणायची आणि मग बोलायचं, असं ठरलं.

शेवटी ठेच्याला परवानगी मिळाली, तेव्हा आणखी एक गंमत झाली. नुसती चाखताना अव्वल आलेली, ओकच्या पिंपात मुरलेली रेड हुरड्यासोबत कडवट लागली. चारमध्ये तिसरी आलेली, किंचित गोडसर शेनीन ब्लां मात्र गूळ-हुरड्याबरोबर अशी जमली की बाटली पहिल्यांदा तीच संपली. तेव्हापासून आमच्या वहीत दोन रकाने आहेत, 'एकटी' आणि 'जेवणासोबत'.

मार्क देण्याआधी

- बाटली झाकून चाखा. नाव आणि किंमत शेवटी.
- एक वाइन दोनदा ठेवा. स्वतःचीच परीक्षा होते!
- हलकी आधी, जड नंतर. व्हाइट ८ ते १० अंशांवर, रेड १६ ते १८ वर.
- अर्ध्या मार्काचा आव आणू नका. '१४ ते १६' असा पट्टा लिहा.
- बाटली विकत घेतली की फुकट मिळाली, ते वहीत लिहा.
- नापास करायचं असेल तर दुसरी बाटली उघडल्याशिवाय नाही.

कसं जाल?

पुण्याहून बीड, परळीमार्गे रस्ता आहे. मुंबई किंवा नाशिकहून येणाऱ्यांनी तपोवन एक्स्प्रेसने परभणी गाठावं, पुढे एसटी. हुरडा डिसेंबर-जानेवारीत. वाटेत परळीचा वैजनाथ आणि गंगाखेडचा गोदाकाठ जरूर करा. वाइनसाठी राज्यात वयाची अट २१ वर्षांची आहे, परवान्याचंही बघा. आणि रात्री गाडी हातात घेऊ नका. शेतातच अंथरूण पडतं, वर चांदणं असतं. त्या चांदण्याला मात्र वीसपैकी वीस द्यायला आमची हरकत नाही!