राणीच्या दागिन्यांवर उभे राहिलेले विद्यापीठ

पोलंडमधील क्राकूव्ह शहराला भेट देणारे पर्यटक सहसा दोन ठिकाणे पाहून परततात. एक म्हणजे वावेल टेकडीवरचा राजवाडा आणि दुसरे म्हणजे शहराच्या मध्यभागी असलेला मध्ययुगीन बाजारचौक. परंतु या चौकापासून चालत अवघ्या पाच मिनिटांवर, एका अरुंद रस्त्याच्या कोपऱ्यावर लाल विटांची एक जुनी वास्तू उभी आहे. बाहेरून ती फारशी नजरेत भरत नाही. दरवाजातून आत पाऊल टाकले, की मात्र पाहणारा थबकतो. आपल्याकडच्या चौसोपी वाड्याची आठवण व्हावी असे फरसबंदी अंगण, अंगणात विहीर, भोवताली दगडी खांबांवर तोललेल्या कमानी आणि वरच्या सज्जाकडे जाणारा दगडी जिना. हेच यागेलोनियन विद्यापीठाचे 'कोलेगियम मायुस', म्हणजे थोरले महाविद्यालय. आता येथे विद्यापीठाचे संग्रहालय आहे.

दिवसातून काही ठरावीक वेळी अंगणातल्या भिंतीवरील घड्याळाचे दार उघडते, जुने संगीत वाजू लागते आणि लाकडी बाहुल्यांची मिरवणूक समोरून सरकत जाते. तिच्यात राजा आहे, प्राध्यापक आहेत आणि एक राणीही आहे. मुले या बाहुल्यांवर खूश होतात. पण त्या राणीची कथा मोठ्यांनीही ऐकावी अशीच आहे.

सोन्याऐवजी लाकडाचा राजदंड

1364 साली पोलंडचा राजा कासिमिर तिसरा याने या विद्यापीठाची स्थापना केली. मध्य युरोपात त्यापूर्वीचे विद्यापीठ फक्त प्रागचे. पण 1370 मध्ये राजाचे निधन झाले आणि विद्यापीठाची घडी विस्कटली. पुढे पोलंडच्या गादीवर यादविगा ही मुलगी बसली. राज्याभिषेकाच्या वेळी ती अवघ्या दहा-अकरा वर्षांची होती. बंद पडत चाललेले हे विद्यापीठ पुन्हा उभे करावे, असा तिने ध्यास घेतला होता.

1399 मध्ये बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच तिचा मृत्यू झाला. तिचे नवजात बाळही वाचले नाही. तेव्हा तिचे वय जेमतेम पंचविशीचे होते. मरण्यापूर्वी आपले दागिने तिने विद्यापीठासाठी देऊन टाकले होते. पुढे तिची कबर उघडली गेली, तेव्हा तिच्यासोबत ठेवलेला राजदंड लाकडाचा निघाला! तिचा पती राजा यागिएवो याने 1400 साली विद्यापीठ नव्याने सुरू केले, त्यासाठी एक घर विकत घेतले आणि त्याच घराभोवती आजची वास्तू वाढत गेली. विद्यापीठ या राजाच्या घराण्याच्या नावाने ओळखले जाते, पण त्याचा पाया राणीच्या दागिन्यांवर रचला गेला.

त्या काळी खालच्या मजल्यावर वर्ग भरत आणि वरच्या मजल्यावर प्राध्यापक राहत. त्यांचे जीवन जवळजवळ मठातल्या साधूंसारखे होते. सर्वांनी एकत्र जेवायचे ते दालन आजही पाहायला मिळते. समारंभाच्या मुख्य दालनात भिंतींवर राजे आणि विद्वानांची तैलचित्रे आहेत. तेथील दारावर लॅटिन भाषेत कोरलेल्या शब्दांचा अर्थ असा: बळापेक्षा विवेक थोर.

कोपर्निकसच्या विद्यार्थिदशेची साक्ष

1491 साली अठरा वर्षांच्या एका तरुणाने या विद्यापीठात नाव नोंदवले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असे पुढे जगाला सांगणारा निकोलस कोपर्निकस तो हाच. तो येथे शिकत असतानाच हंगेरीच्या राजाचा ज्योतिषी मार्चिन बिलिका याने आपली खगोलशास्त्रीय उपकरणे विद्यापीठाला दिली. त्यांतला आकाशगोल 1480 सालचा आहे. ही उपकरणे आली त्या दिवशी सर्वांना ती पाहता यावीत म्हणून तास बंद ठेवण्यात आले, असे सांगतात. सुट्टी मिळाल्यावर विद्यार्थ्यांनी उपकरणे किती पाहिली असतील, हा प्रश्न निराळा!

याच संग्रहात स्पेनमधील कोर्दोबा येथे 1054 साली बनवलेले एक अरबी ग्रहवेधयंत्र आहे. पण लोकांची सर्वाधिक गर्दी होते ती एका छोट्याशा सोनेरी पृथ्वीगोलापाशी. तो साधारण 1510 सालचा असून त्याच्या पोटात घड्याळाची यंत्रणा बसवलेली आहे. नव्याने सापडलेल्या अमेरिकेचे नाव ज्या अगदी पहिल्या गोलांवर आले, त्यांतला हा एक. भारतीय पाहुण्यांनी तो जरा निरखून पाहावा, कारण ते नाव त्यावर चक्क हिंदी महासागरातल्या एका भूभागावर लिहिलेले आहे. ज्ञानाच्या वाटेवर माणूस किती चाचपडत पुढे गेला, हे यावरून लक्षात येते.

1883 मध्ये याच विद्यापीठातील ओल्शेव्हस्की आणि व्रुब्लेव्हस्की या दोन शास्त्रज्ञांनी ऑक्सिजन आणि नायट्रोजन वायू द्रवरूपात आणून दाखवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे संस्कृतचे अध्यापनही सुरू झाले.

ज्या विद्यापीठाला एका स्त्रीने जीवदान दिले, तेथे स्त्रियांना मात्र पाचशे वर्षे प्रवेश नव्हता. पंधराव्या शतकात नावोयका नावाची एक मुलगी पुरुषवेषात येथे शिकत होती आणि ओळख उघड झाल्यावर ती मठात गेली, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्षात पहिल्या तीन विद्यार्थिनींना 1894 साली प्रवेश मिळाला. आज विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाला नावोयकाचेच नाव आहे.

व्याख्यानाचे निमंत्रण

कोलेगियम मायुसपासून जवळच विद्यापीठाची 'नवी' इमारत आहे. 6 नोव्हेंबर 1939 रोजी, पोलंड जर्मनीच्या ताब्यात गेल्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, येथील प्राध्यापकांना एका व्याख्यानाचे निमंत्रण मिळाले. वक्ता होता एक नाझी अधिकारी. ठरलेल्या वेळी दालन भरले. व्याख्यान झालेच नाही. दारांवर सशस्त्र शिपाई उभे राहिले आणि 180 हून अधिक जणांना गाड्यांत कोंबून नेण्यात आले. त्यांतील बहुतेकांची रवानगी झाखसेनहाउझेनच्या छळछावणीत झाली. कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास उघड्यावर उभे राहणे वृद्ध प्राध्यापकांना सोसणारे नव्हते. जगभरातून निषेध झाल्यावर फेब्रुवारी 1940 मध्ये शंभरावर जणांची सुटका झाली. पण तोवर अनेकजण दगावले होते. कायद्याचे प्राध्यापक स्तानिस्वाव एस्त्रायखर त्यांपैकीच एक.

विद्यापीठ बंद झाले, शिकवणे मात्र थांबले नाही. 1942 पासून लोकांच्या घरांत गुपचूप वर्ग भरू लागले. पकडले गेल्यास छळछावणी किंवा मृत्यू, हे ठाऊक असूनही सुमारे 800 विद्यार्थी अशा रीतीने शिकले. पुढे पोप जॉन पॉल दुसरे म्हणून जगाला माहीत झालेले कारोल वोयतिवा हे त्यांच्यापैकी एक होते.

प्राध्यापक एस्त्रायखर यांचा मुलगा कारोल हा कलेचा इतिहासकार. युद्धकाळात तो देशाबाहेर होता. लुटल्या गेलेल्या पोलिश कलावस्तूंची नोंद त्याने चिकाटीने केली आणि 1946 मध्ये लिओनार्दो दा विंचीच्या एका जगप्रसिद्ध चित्रासह अनेक वस्तू रेल्वेने क्राकूव्हला परत आणल्या. त्यानंतर त्याने हाती घेतले कोलेगियम मायुस. 1949 पासून पंधरा वर्षे खपून त्याने या वास्तूला तिचे जुने रूप मिळवून दिले आणि 1964 मध्ये, विद्यापीठाच्या सहाशेव्या वर्षी, संग्रहालय उभे केले. ज्या विद्यापीठाने बोलावले म्हणून वडील गेले आणि परतले नाहीत, त्याच विद्यापीठाची दालने मुलाने एकेक वस्तू जमवून पुन्हा सजवली.

जाण्यापूर्वी

वॉर्सा ते क्राकूव्ह हा रेल्वेप्रवास वेगवान गाडीने सुमारे अडीच तासांचा आहे. मे ते सप्टेंबर हा काळ आपल्याकडच्या लोकांना मानवतो. हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो, तेव्हा गरम कपडे हवेतच. जुन्या शहरात पायीच फिरावे. संग्रहालयाच्या वेळा आणि तिकिटे यांची चौकशी आधी करून ठेवावी. अंगणात जाण्यासाठी तिकीट लागत नाही, तेव्हा बाहुल्यांच्या मिरवणुकीची वेळ साधून थोडे आधीच पोहोचावे.

मिरवणूक जेमतेम काही मिनिटांची. संगीत थांबते, दार मिटते आणि अंगणात जमलेली माणसे पांगतात. आतली दालने पाहून आलेला प्रवासी मात्र थोडा वेळ तेथेच रेंगाळतो. मघाशी समोरून गेलेली छोटीशी लाकडी राणी आता त्याला ओळखीची वाटू लागलेली असते.