हापूसच्या गाडीतून एक रात्र

रत्नागिरीत जन्म काढून मी ट्रकमध्ये बसलो ते फक्त दोन वेळा. पहिल्यांदा लहानपणी, जयंतीच्या मिरवणुकीत, हौद्यात उभा राहून. दुसऱ्यांदा गेल्या एप्रिलमध्ये, पुढे केबिनमध्ये, माझ्या भाच्याच्या शेजारी.

त्यालाही कारण जयंतीच झाली. १४ एप्रिलला वाडीतली सगळी मुले निळे फेटे बांधून विहारासमोर जमली होती आणि ताईचा मुलगा मात्र आंब्याच्या गाडीवर होता. आंब्याचा मोसम जयंतीसाठी थांबत नाही. ताईने त्या रात्री खीर केली, पण स्वतः खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "तुझी कचेरी शनिवारी बंद असते ना? मग एक रात्र त्याच्याबरोबर जाऊन ये. तो काय खातो, कधी झोपतो, मला कोण सांगणार? फोनवर नुसता 'बरा आहे' म्हणतो." म्हणून शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

मुलाविषयी थोडे सांगितले पाहिजे. वय तेवीस. बारावी झाला, कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला बसला आणि सोडून दिले. मी बी.कॉम. असल्यामुळे मला त्याचा फार राग आला होता, दोन महिने त्याच्याशी बोललो नाही. तो रत्नागिरीतल्याच एका वयस्क मुस्लिम ड्रायव्हरच्या हाताखाली किन्नर म्हणून लागला. त्यांना तो चाचा म्हणतो. चाचांनी दोन वर्षे त्याला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. ताडपत्री बांधणे, टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखणे, मागे उभे राहून गाडी 'आने दो' करणे, एवढेच. कायद्यानेही घाई करता येत नाही. माल वाहणाऱ्या गाडीच्या परवान्याला वय वीस पूर्ण लागते, आणि त्याआधी हलक्या गाडीचा परवाना किमान एक वर्ष हातात असावा लागतो. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ साली काढून टाकली. त्यामुळे शिक्षण सुटलेल्या पुष्कळ मुलांना वाट मोकळी झाली. आमच्या या चिरंजीवांना ती अट तशीही आडवी येणार नव्हती! या मोसमापासून एका शेठच्या सहाचाकी गाडीवर तो स्वतंत्र ड्रायव्हर झाला.

पावसच्या बाजूला एका बागेत दुपारी दोनला गाडी लागली. पेट्या भरण्याचे काम पाहण्यासारखे असते. आंबा हिरवाच, देठासकट काढलेला, आकाराप्रमाणे निवडून गवतात बसवतात. पिकतो तो पुढे. कच्चा दिसला तरी फळ आतून उष्णता सोडत असते. म्हणून ताडपत्री घट्ट आवळून भागत नाही, बाजूने वारा खेळेल अशी ती बांधावी लागते, आणि तरी पेटी हलता कामा नये. भाच्याने दोराची गाठ तीन वेळा सोडून पुन्हा बांधली. पेट्या मोजणाऱ्या माणसाने त्याला सहज विचारले, "नवीन दिसतोस. आडनाव काय?" त्याने सांगितले. "गाव कुठलं?" तेही सांगितले. मग तो माणूस काही बोलला नाही, पेट्या मोजत राहिला. चहा आला तो कागदी कपातून. हल्ली सर्वांनाच कागदी कप देतात, त्यामुळे पूर्वीसारखे काही कळायला मार्ग नाही. भाच्याला मी नंतर विचारले, तर म्हणाला, "मामा, मी पेट्यांचा आकडा लक्षात ठेवत होतो. वाशीला एक कमी निघाली तर माझ्या भत्त्यातून जाते."

सव्वापाचला निघालो. भाट्याचा पूल ओलांडला तेव्हा खाडीवर ऊन कलले होते. शहरातून वाट काढून हातखंब्याला आलो आणि मुंबई-गोवा महामार्गाला लागलो. जुना १७ नंबर, आता ६६. निवळीला जयगडकडून येणारे गॅसचे टँकर रांगेने रस्त्यावर येत होते. भाच्याने गाडी मागे ठेवली. "चाचा सांगतात, टँकरच्या मागे शहाणपणा करू नये." संगमेश्वर, आरवली, सावर्डे. केबिनमध्ये इंजिनाची धग पायाशी येत होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, पण ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. चिपळूणच्या अलीकडे एका टपरीशेजारी थांबून ताईचा डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. तो दोनच भाकऱ्या जेवला. पोट भरले की डोळे मिटतात म्हणाला.

परशुराम घाट चढून लोटे मागे टाकले आणि भोस्ते घाटाच्या माथ्यावर त्याने गाडी बाजूला घेतली. खाली उतरून प्रत्येक चाकाजवळ हात नेला. चाक तापले आहे की नाही ते असे पाहतात. मग वर येऊन हवेच्या काट्याकडे बघत बसला. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. काटा खाली असेल तर पाय कितीही दाबा, उपयोग नाही. मागून एक ट्रेलर हॉर्न वाजवत निघून गेला. भाच्याने खालचा गिअर टाकला आणि गाडी माणसाच्या चालीने उतरू लागली. ज्या गिअरात चढलो असतो त्याच गिअरात उतरायचे, हा चाचांचा पाठ. इंजिनच गाडीला धरून ठेवते, ब्रेक नुसता मदतीला. डिझेल वाचवण्यासाठी कोणी न्यूट्रलवर सोडतात, तेव्हा सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत. पुढच्या ट्रेलरच्या चाकांचा जळका वास आमच्या केबिनपर्यंत येत होता. तेवढ्यात शेठचा फोन वाजू लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. भाच्याने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. ते अवघड वळण गेले, रस्ता सपाट झाला, आणि भरणे नाक्याच्या उजेडात गाडी थांबवून तो स्टेअरिंगवर डोके टेकून बसला. त्याचे हात थरथरत होते.

मग त्याने सांगितले. पहिल्याच महिन्यात याच घाटात असाच फोन आला होता. "बाजार उघडायच्या आत पोचलास तर भाव, नाहीतर तुझ्यामुळे माझं नुकसान." त्याने वरचा गिअर टाकला. दोन वळणे गेली, तिसऱ्याला ब्रेक पोकळ लागला. डाव्या हाताला कामाच्या मातीचा ढिगारा होता, त्यात त्याने गाडी घातली. माणूस वाचला, माल वाचला, बंपर आणि दिवा गेला. त्याचे पैसे भत्त्यातून तीन खेपा कापले. "मामा, आईला सांगू नका." मी त्याला म्हटले, मी सांगणार नाही, तू सांग. पुढे पंधरवड्याने त्याने स्वतः ताईला सांगितले, म्हणूनच मी हे इथे लिहू शकतो.

भरण्याजवळच जगबुडीचा पूल. मार्च २०१३ मध्ये गोव्याहून मुंबईला जाणारी खासगी बस याच नदीत कोसळली, ३७ माणसे गेली. कशेडीला आता बोगदा आहे, त्यामुळे एक मोठा घाट टळतो. पोलादपूर गेले. महाडच्या अलीकडे सावित्री आली तसा त्याने गाडीचा वेग आपोआप कमी केला, का ते विचारावे लागले नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. दोन एस.टी. आणि एक मोटार त्यासोबत गेली. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, दोन्ही गाड्या आपल्याच जिल्ह्यातून निघालेल्या. नवा पूल पुढच्या जूनला झाला. गाडीच्या उजेडात पुढचा रस्ता आहे असे दिसते, म्हणून तो असतोच असे नाही, हे ड्रायव्हर लोकांना त्या रात्रीपासून कळले आहे.

बारा वाजून गेले होते. महाडच्या फाट्यावर मी हात जोडले. चवदार तळे इथून आत आहे, माल भरलेली गाडी तिकडे वळवता येत नाही. १९२७ चा सत्याग्रह त्याला ठाऊकच होता. विहारातल्या स्पर्धेत त्यावर भाषण करून त्याने बक्षीस घेतले होते. म्हणून मी त्याला चाळीसगावची हकीकत सांगितली, जी बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवली आहे. १९२९ साल. सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सभासद होते. खानदेशातून परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा नाही. पाहुण्याला चालत नेणे बरे दिसत नाही म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने टांगा कधी हाकला नव्हता. आधी एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे मोरीवर चाक दगडात अडकले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. माझा मान राखायला गेले आणि माझा जीव धोक्यात घातला, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. पण बोट ठेवले ते त्या टांगेवाल्यांवर, जे बॅरिस्टरपेक्षाही स्वतःला उच्च समजत होते.

मला वाटले भाचा टांगेवाल्यांवर चिडेल. तो बराच वेळ काही बोलला नाही. माणगावच्या जवळ आल्यावर म्हणाला, "मामा, तो हाकणारा? त्याचं पुढे काय झालं?"

मी इतकी वर्षे ही हकीकत सभांतून सांगतो आहे. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पुस्तकात त्याविषयी काही नाही, असे मी सांगितले. "त्याला कोणी शिकवलंच नव्हतं," भाचा म्हणाला, आणि डिपर मारून समोरच्याला वाट दिली.

कोलाडला रेल्वेच्या बाजूला ट्रकची रांग दिसली. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून इथून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रक वाघिणीवर चढवून न्यायला सुरुवात केली. ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये बसून जातो. "झोपून जातात ते," भाचा हेव्याने म्हणाला. आम्ही उलट्या दिशेचे, आमच्या कामाचे नाही. पण झोप हा शब्द निघाला आणि त्याचे डोळे मिटू लागले. मी गाडी बाजूला घ्यायला लावली. सीटवर आडवा झाला आणि क्षणात घोरू लागला.

पंधरा मिनिटांनी फोन वाजला. मी उचलला. "कुठे आहेस?" पलीकडून आवाज आला. मी म्हटले, "तो झोपला आहे. अर्ध्या तासाने निघेल."

"तुम्ही कोण?"

"त्याचा मामा. कचेरीत कारकून आहे."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "बरं, सावकाश येऊ द्या." कारकून या शब्दात एवढा दम असेल असे मला वाटले नव्हते. पण रोज रात्री त्याच्याबरोबर मामा नसतो.

पाऊणेपाचला वाशीच्या फळबाजारात शिरलो. खाली करायची पाळी यायला आणखी अडीच तास लागले. तेवढ्यात मी माझ्या सवयीने हिशोब मांडला. दुपारी दोनपासून पहाटे पाऊणेपाचपर्यंत पावणेपंधरा तास. जेवण आणि झोप वजा जाता साडेतेरा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, त्या काळात कारखान्यातला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. मोटार कामगारांसाठी १९६१ साली वेगळा कायदा झाला. दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला परवानगीने दहा, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणालाच लागू होता, पुढे २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला. आमच्या शेठच्या गाड्या तीन आणि माणसे चार.

समोर पेट्या उतरवणारे माथाडी होते. त्यांच्यासाठी १९६९ चा कायदा आहे, मंडळ आहे, तिथे मजुरी जमा होते, फंड कापला जातो. अण्णासाहेब पाटलांनी ती चळवळ उभी केली. पेटी उतरवणाऱ्याची नोंद आहे, ती तीनशेहून अधिक किलोमीटर आणणाऱ्याची कुठेच नाही. मी भाच्याला विचारले, नेमणुकीचे पत्र? तो हसला. मी त्याला एक वही घेऊन दिली. तारीख, निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, मिळालेला भत्ता, कापलेले पैसे. एवढे रोज लिही म्हटले. त्याने पहिल्या पानावर आदल्या रात्रीची नोंद केली, अक्षर अजून चांगले आहे.

पेट्या बरोबर भरल्या, एकही कमी नाही. तो गाडीखाली सावलीत गोणपाट टाकून झोपला. मी पनवेलला एस.टी. धरली. बसमध्ये असतानाच ताईचा फोन आला. कुठे झोपला, कसा झोपला, सगळे विचारून झाल्यावर म्हणाली, "डबा संपवला का?"

मी म्हटले, "दोन भाकऱ्या सकाळसाठी ठेवल्या होत्या. त्यातली एक मी खाल्ली."