न कापलेले वस्त्र

सहलीचा शेवटचा दिवस होता. बाली बेटाच्या पूर्वेकडील तेंगानान हे विणकरांचे गाव तेवढे पाहावयाचे राहिले होते. आमच्या मंडळींचे अर्धे लक्ष मात्र पेट्यांच्या वजनाकडे.

येथील ‘गेरिंगसिंग’ हे पाटणच्या पटोळ्याचे भावंडच म्हणावे. ते रेशमी, हे सुती. पण दोहोंत ताणा आणि बाणा आधी बांधून रंगवितात व मग विणताना नक्षी जुळवितात. निळीचे रंगकाम गावात निषिद्ध, म्हणून ते शेजारच्या गावी होते. एकेका वस्त्रास वर्षे लागतात. नावाचा अर्थ ‘रोग नाही’. ताणा अखंड असल्याने मागावरून कापड सलग वेटोळ्यासारखे उतरते, आणि काही विधींना ते न कापलेलेच लागते.

एका वृद्ध विणकरिणीपुढे आमची घासाघीस सुरू झाली. (आम्ही त्यात मागे नव्हतो.) असे एक सलग वस्त्र आम्ही मागताच तिने ते उचलून मागे ठेवले. दुभाष्या म्हणाला, “ते घरच्या कार्याचे आहे.”

आम्हास आईची पैठणी आठवली. ती गेल्यावर, जीर्ण झाली म्हणून, आम्हीच जरीच्या भावाने देऊन टाकलेली. घेणाऱ्याने आमच्यादेखत पदर फाडला, तेव्हा आमची नजर तराजूच्या काट्यावर होती.

परतताना गाडीत कोणी किती कमी करून घेतले, याच्याच गोष्टी चालल्या होत्या.

“आणि प्रोफेसरसाहेब, तुम्ही काय घेतलेत?”

“काही नाही,” आम्ही म्हणालो.