तगरची वाट आणि विमानाचे भाडे

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे आमचे गाव. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकरी त्यास ओळखतात. परंतु त्याचे वय त्याहून पुष्कळ अधिक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक ग्रंथात ‘तगर’ या नावाने त्याचा उल्लेख येतो. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असा हिशेब ग्रंथकाराने दिला आहे. येथील कापड गाड्यांवर लादून बिकट वाटेने त्या बंदरास जात असे. त्रिविक्रमाचे प्राचीन मंदिर व लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांस हा तीस दिवसांचा हिशेब ऐकविण्याची आम्हांस जुनी खोड आहे. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही दीड तासाच्या एका प्रवासाचा हिशेब मांडणार आहो. आणि तो समजण्यास आम्हांस तगरच्या वाटेहून अधिक कठीण गेला, हे प्रथमच कबूल करतो.

आमची कन्या बंगळुरास असते. तिच्या प्रसूतीस तीन आठवडे अवकाश आहे, अशा समजुतीने सौ.ने घरी डिंकाचे लाडू वळावयास घेतले होते. तोच बाळ आल्याची वार्ता आली. सोलापुरास जाऊन उद्यान एक्स्प्रेस गाठावी, हा आमचा नेहमीचा मार्ग. परंतु त्या आठवड्यात जागा मिळेना. तेव्हा पुण्यास नोकरीस असलेला आमचा पुतण्या म्हणाला, “काका, विमानाने जा. तिकिटे मी काढतो. रेल्वेच्या वरच्या वर्गाहून फारसे महाग पडत नाही.” त्याने लगेच माणशी 2,899 रुपयांची दोन तिकिटे काढली. घरात सर्वांनी त्याच्या तत्परतेचे कौतुक केले, ते यथार्थच होते.

धाराशिव स्थानकातून रात्रीच्या गाडीने आम्ही उभयता पुण्यास निघालो. बार्शी, कुर्डुवाडी या वाटेवर एके काळी बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी धावत असे. 1897 साली ती सुरू झाली. आता तेथे रुंद मार्ग आहे. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद झाली, याची खंत आहेच, परंतु सौ.स खालचा बाक मिळाला, त्याचे निराळे पैसे पडले नाहीत. शयनयानात माणशी चाळीस किलो सामान विनामूल्य नेता येते. त्यामुळे लाडवांचा डबा, साजूक तुपाची बरणी, बाळंतशोपा आणि जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी यांनी भरलेली आमची अकरा किलोंची पेटी बाकाखाली निश्चिंत पडली होती.

लोहगाव विमानतळाच्या नव्या इमारतीच्या दारापर्यंत पुतण्या पोहोचवावयास आला. तिकिटावाचून आत जाता येत नसल्याने नमस्कार करून तो बाहेरच थांबला. आत खिडकीवरील मुलीने पेटी काट्यावर ठेवावयास लावली, तिकीट पाहिले आणि सौजन्याने म्हणाली, “काका, या तिकिटात पेटी धरलेली नाही. फक्त हातातले सामान. पेटीचे तीन हजार रुपये भरावे लागतील.”

प्रथम आम्हांस वाटले, ऐकण्यात चूक झाली असावी. फोनवर पुतण्याशी बोललो, तेव्हा उलगडा झाला. तिकिटांच्या पडद्यावर भाड्याच्या दोन ओळी होत्या. वरची स्वस्त, ती बिनपेटीची. खालची माणशी केवळ तीनशे रुपयांनी अधिक. तीत पंधरा किलोंची पेटी धरलेली होती. घाईत त्याने वरची निवडली. शिवाय पैसे भरतेवेळी ‘सोयीचे शुल्क’ म्हणून माणशी साडेतीनशे रुपये लागले होते, तेही त्याने आम्हांस सांगितले नव्हते. सामान हातपिशव्यांत वाटून घ्यावे, तर त्यांची मर्यादा माणशी सात किलो. आणि आमच्या दोन पिशव्या आधीच सहा किलोंच्या. सगळे मिळून सतरा किलो, मर्यादा चौदाची. तीन किलो लाडू तेथेच टाकून द्यावे लागले असते.

सौ. काही बोलली नाही. बाळाच्या मनगट्यांसाठी म्हणून तिने वर्षभर साठविलेले पाच हजार रुपये कमरेच्या पिशवीत होते. त्यांतून तिने तीन हजार मोजून दिले. आणि आम्ही? छत्तीस वर्षे वर्गात वापरलेल्या स्वरात फोनवर म्हणालो, “एवढे शिकलास, दोन ओळी नीट वाचता येत नाहीत?” पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग तो इतकेच म्हणाला, “चूक माझीच झाली, काका.”

विमानात आमची आसने एकमेकांपासून पंधरा रांगा दूर आली. शेजारची आसने हवी असतील तर त्यांचेही मोल वेगळे, हे तेव्हा समजले. सौ.चा हा पहिलाच विमानप्रवास. तिच्या शेजारच्या एका तरुणीने आपण होऊन आसन बदलून दिले. विमान वर चढू लागले तेव्हा सौ.ने आमचा हात घट्ट धरला, आणि डोळे मिटून तुळजाभवानीचे स्मरण केले.

पुढे मन स्वस्थ झाल्यावर आम्ही विचार करू लागलो. भारानुसार भाडे घेणे यात वस्तुतः अन्याय नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नावेच्या उताराचे दर सांगितले आहेत. रिकाम्या गाडीस निराळे, ओझेवाल्यास निराळे, मोकळ्या माणसास त्याहून कमी, आणि गर्भिणीस तर माफ. कौटिल्यानेही नावाध्यक्षाच्या प्रकरणात असाच तपशील दिला आहे. नाणेघाटात जो दगडी रांजण आहे, तो जकातीसाठी होता असे परंपरा सांगते. रांजण भर वाटेवर, उघड्यावर आहे. वाटसरूस घाट उतरण्यापूर्वी तो दिसत असे. घाट अर्धा उतरल्यावर कोणी झुडुपातून दुसरा रांजण पुढे करीत नसे.

स्वस्त विमानांची मूळ कल्पनाही वाईट नव्हे. अमेरिकेत साऊथवेस्ट कंपनीने 1971 पासून हा मार्ग रुळविला. आपल्याकडे 2003 साली कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढून सामान्य माणसास आकाश मोकळे केले. जो पेटी नेत नाही, जेवत नाही, त्याने दुसऱ्याच्या पेटीचे आणि जेवणाचे पैसे का द्यावेत, हा युक्तिवाद सयुक्तिक आहे. विमान वाहतूक महासंचालनालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये बिनपेटीच्या प्रवाशास सूट देण्याची परवानगी दिली, तीही याच न्यायाने. दोष सुटे दर लावण्यात नाही. ते अशा वेळी कळण्यात आहे, की ज्या वेळी माणसास मागे फिरता येत नाही. घरी तीनशेस मिळणारी गोष्ट दारात तीन हजारांस पडते, हे ओझ्याचे मोल नव्हे, अडचणीचे मोल होय.

सरकारचेही याकडे लक्ष गेले आहे. खिडकीवर प्रवेशपत्र देण्याबद्दल कंपन्या निराळे शुल्क घेत. जुलै 2022 मध्ये मंत्रालयाने ते घेऊ नये असे बजाविले. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्रीतील तेरा फसव्या युक्त्यांची यादी प्रसिद्ध केली. किंमत थेंबाथेंबाने उघड करणे आणि न मागितलेली वस्तू हळूच बिलात घालणे, या दोन्ही तीत आहेत. बारा वर्षांखालील बालकास आईबापांपैकी एकाच्या शेजारीच आसन द्यावे, असेही एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांस सांगण्यात आले. वृद्ध जोडप्यांसाठी मात्र तसे काही आमच्या पाहण्यात नाही.

वाचक भगिनी-बंधूंस अनुभवाचे दोन शब्द सांगतो. तिकीट काढण्यापूर्वी सामान घरच्या काट्यावर तोलावे. सर्वांत स्वस्त ओळीखालची ओळ अवश्य वाचावी. विमा वगैरेंच्या चौकटीत आपण न केलेली खूण आहे काय, ते पाहावे. शेवटच्या पानावरील बेरीज हेच भाडे समजावे, पहिल्या पानावरील आकडा नव्हे. आणि तिकीट रद्द करावे लागले, ते परतीस अपात्र असले, तरी सरकारी कर व विमानतळाची शुल्के परत मागावीत. तो प्रवाशाचा हक्क आहे.

हिशेब असा: पाच हजार सातशे अठ्ठ्याण्णव भाडे, सातशे सोयीचे, तीन हजार पेटीचे, एकूण 9,498 रुपये. खालची ओळ निवडली असती तर 7,098. म्हणजे 2,400 रुपयांचा भुर्दंड. तो काही आमच्या निवृत्तिवेतनास न पेलणारा नव्हे. बाळाच्या मनगट्या दोन महिन्यांनी झाल्या. लाडू कन्येने आवडीने खाल्ले. परतताना आम्ही उद्यान एक्स्प्रेसने सोलापुरास उतरलो.

पण त्या दिवशीची खरी रक्कम या बेरजेत येत नाही. ज्यांनी त्या दोन ओळी तशा मांडल्या, त्यांस आम्ही एक शब्दही बोललो नाही, बोलणार कोणास? खिडकीवरची मुलगी नियमाची ताबेदार. राहिला तो आमचा मुलगा, ज्याने आमच्याच सोयीसाठी धावपळ केली होती. छुप्या शुल्काचा सर्वांत मोठा अपराध आम्हांस हाच वाटतो, की घेणारा अदृश्य राहतो आणि घरातली माणसे एकमेकांस अपराधी ठरवितात. आमच्या घरात हे मासिक सर्वजण वाचतात. पुतण्याही वाचतो. फोनवर जे सांगावयास हवे होते आणि नंतरही संकोचाने सांगता आले नाही, ते येथे लिहितो: बाळ, चूक तुझी नव्हती.