केग मुरताना

मे महिन्यात चिकलठाण्यात दुपारचा पारा 42च्या पुढे जातो. अशा वेळी गॅस भरण्यापेक्षा बिअर थंड राखणं जास्त कष्टाचं. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूजच्या बिअर कारखान्यात माझं काम चाचणीच्या केगांचं, म्हणजे बिअरच्या पिंपांचं. मोठ्या टाक्यांना यंत्रं गॅस देतात. इथे मात्र रेग्युलेटरवर हात माझाच.

द्रवात किती वायू विरघळेल हे त्याच्यावरच्या दाबावर ठरतं, हे विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये मांडलं. उरलेलं तापमान ठरवतं. बिअर 3-4 अंशांवर असेल तर 12 पीएसआय दाबाला लिटरमागे सुमारे अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड तिच्यात उतरतो. तीच बिअर 20 अंशांवर असली, तर दुपटीहून अधिक दाब लागतो.

घाई असली की 30 पीएसआय लावून केग आडवा हलवतात. गॅस झटकन बसतो खरा, पण नेमका किती बसला ते कळत नाही आणि जास्त झालेला काढता काढता नाकी नऊ येतात. मला ही पद्धत पटत नाही. ठरलेल्या दाबावर मी केग आठवडाभर कोल्ड रूममध्ये सोडतो. तेवढ्यात यीस्ट तळाशी बसतं, कच्चेपणा जातो. लोण्यासारखा वास मात्र थंडीत जात नाही. तो घालवायचं काम थंड करण्याआधीच, यीस्ट जागं असताना करून घ्यावं लागतं.

केगमध्येच साखर घालून गॅस तयार करण्याची रीतही मला आवडते. लिटरला 4 ग्रॅम साखरेतून साधारण एक लिटर गॅस मिळतो. पण त्यासाठी विशीतलं तापमान हवं. आमच्या उन्हाळ्यात केग उघड्या गोदामात ठेवला, तर यीस्ट नको ते वास सोडतं.

2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दारूच्या कारखान्यांचं पाणी 60 टक्क्यांपर्यंत कापलं. केग धुताना पाणी मोजायची सवय तेव्हापासूनची. जायकवाडी धरणाच्या पाण्यावर आधी हक्क पिणाऱ्यांचा, हे मला मनापासून मान्य आहे.

गॅस एवढा नीट बसवूनही जालना रोडवरच्या उन्हातून गेलेला केग लगेच नळाला जोडला, तर ग्लासात निम्मा फेसच येतो. गॅस कमी-जास्त झालेला नसतो, बिअर तापलेली असते. अशा वेळी रेग्युलेटरला हात लावायचा नाही. केग पूर्ण एक दिवस थंडीत उभा ठेवायचा, नळीसुद्धा गार करायची आणि मगच कपलर बसवायचा.