न पाहिलेल्याचा भरंवसा

प्रवासास निघणारा मनुष्य बहुधा कांहीं तरी पाहावयास निघतो. किल्ला, देऊळ, घाट, संगम. डोळे भरून पाहिलें कीं त्याचें समाधान होतें. गेल्या माघांत आम्ही सातारा व सांगली या बाजूस गेलों, तेव्हां आमचा हेतु थोडा निराळा होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं आयुष्याच्या अखेरीस ज्या 'देवाच्या दरबारा'चा संकल्प साताऱ्यास मांडला, त्या गांवीं एकवार जाऊन यावें, आणि तेथून मिरजेस आमच्या एका वृद्ध ख्रिस्ती स्नेह्यास भेटावें, एवढेंच मनांत होतें.

खंबाटकीचा घाट मागें पडला, वेण्णा ओलांडली आणि अजिंक्यतारा समोर आला. साताऱ्यांत दरबार म्हणतांच कोणासही छत्रपतींचा आठवावा. टिळकांच्या दरबारास सिंहासन नव्हतें, भालदार-चोपदार नव्हते. १९१७ सालीं मिशनची पगारी चाकरी सोडून, संन्यासवृत्ति पत्करून ते येथें राहिले. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, परंतु ख्रिस्तास गुरु मानणारे, अशा सर्वांचें एक बंधुमंडळ व्हावें व तें या देशाच्या मातींतलें असावें, अशी त्यांची इच्छा होती. पुरतीं दोन वर्षेंही त्यांस मिळालीं नाहींत. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला. आम्ही जुन्या पेठांतून सकाळभर हिंडलों. 'हा तो दरबार' असें म्हणून कोणी बोट दाखवावें, असें कांहीं आम्हांस आढळलें नाहीं. मन थोडें खट्टू झालें खरें.

टिळक हे नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकलेले ब्राह्मण. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका अनोळखी युरोपियन गृहस्थानें त्यांस 'नवा करार' दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भविष्यही सांगितलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. भविष्य खरें ठरलें हाच ईश्वरी पुरावा, असें कोणी म्हणेल. आम्हांस तो पुरावा वाटत नाहीं. भविष्यें सांगणारे पुष्कळ. जें खरें ठरतें तेवढेंच लोकांच्या स्मरणांत राहतें. शिवाय त्या बाप्तिस्म्यानें पदरीं पडलें काय? पत्नी, पुत्र, आप्त, जाति, सारें एका दिवसांत दुरावलें. लक्ष्मीबाई कांहीं वर्षें दूर राहिल्या व १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचारानें. त्यांची 'स्मृतिचित्रें' ज्यांच्या घरीं आहेत, त्यांस त्या आघाताचें वर्णन आम्ही निराळें सांगावयास नको.

आमचें उभें आयुष्य मुलांस संस्कृत शिकविण्यांत गेलें, म्हणून एक शंका आम्हांस नेहमीं टोंचीत असे. नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांत थोमा नांवाचा शिष्य सरळ प्रत्यक्षाची मागणी करितो: जखमांत बोट घातल्यावांचून गुरु पुन्हां उठला हें मी मानणार नाहीं. गुरूनें त्यास हांकलून दिलें नाहीं. हात पुढें केले. परंतु धन्य म्हटलें तें न पाहतां विश्वास ठेवणाऱ्यांस. तें कां? न पाहतां मानणें हें जर धन्य, तर त्यांत आणि अंधश्रद्धेंत भेद तो कोणता?

आमच्याकडेही कठोपनिषदांत, 'तो आहे' असें म्हणणाऱ्यासच तो लाभतो, अशा अर्थाचें वचन आहे, आणि आचार्यांनीं श्रद्धेचा अर्थ आस्तिक्यबुद्धि असा केला आहे. परंतु देव आहे असें म्हणणें वेगळें आणि त्याच्यावर आपला भार टाकणें वेगळें. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंतील 'पिस्तिस' या शब्दांत एखादें मत मान्य करण्यापेक्षां भरंवसा व निष्ठा हा अर्थ अधिक आहे. येथवर पुस्तकांनीं आम्हांस नेलें. पुढें मिरजेचा रस्ता होता.

साताऱ्याचें स्टेशन गांवापासून दूर, माहुलीच्या बाजूस आहे. तेथून गाडी कोरेगांव, कऱ्हाड, किर्लोस्करवाडी करीत सांगलीस येते, आणि माहुलीस सोडलेली कृष्णा सांगलीस पुन्हां भेटते. एक दिवस काढून आम्ही हरिपुरास कृष्णा व वारणा यांचा संगम पाहिला. तेथील हळदीचीं पेवें प्रसिद्ध. जमिनींत खोल पेव खणून हळद भरावी व तोंड बंद करावें. हवा लागत नसल्यानें माल किडीपासून सुरक्षित राही. वरून पाहणाऱ्यास मातीच दिसावी, आणि मालकानें घरीं स्वस्थ निजावें! विश्वासास हा दृष्टांत नामी, असें आमच्या मनांत आलें. इतक्यांत बरोबरच्या गृहस्थांनीं सांगितलें कीं २००५ च्या महापुरांत पेवांत पाणी शिरलें व पुष्कळ माल नासला. आमचा दृष्टांत तेथेंच बुडाला.

सांगलीहून मिरजेस जातांना वाटेंत वानलेसवाडी लागते. कॅनडांत जन्मलेले डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ सालीं सांगलीस आले व १८९४ सालीं त्यांनीं मिरजेस इस्पितळ उघडलें. पुढें तें मिशन इस्पितळ म्हणून दूरदूरच्या प्रांतांत नांवाजलें. लोक त्याकडे बोट दाखवून म्हणत, हा पाहा श्रद्धेचा पुरावा. आम्हांस त्याहून त्याच गांवच्या कुष्ठरोग्यांच्या सेवेचें नवल वाटतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं या रोगावर खात्रीचें औषध नव्हतें. सल्फोन जातीचीं औषधें १९४० नंतर आलीं, आणि आज वापरांत असलेली अनेक औषधांची एकत्र योजना जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं सुचविली. आधींच्या त्या चाळीस वर्षांत ज्यांनीं व्रणांवर पट्ट्या बांधल्या, त्यांस रोगी बरा झालेला बहुधा दिसलाच नाहीं.

आमचे स्नेही एके काळीं आमच्याच शाळेंत गणित शिकवीत. दोन वर्षांपूर्वीं त्यांचा दहा वर्षांचा नातू तापानें गेला. भेटींत प्रथम इकडचें तिकडचें झालें. मग आम्ही धीर करून विचारलें, "मास्तर, एवढी प्रार्थना केलीत, ती फळली नाहीं. आतां भरंवसा तो कशावर?"

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमचें अनुमान मीही मांडून पाहिलें. अकरा रात्रीं मागत होतों, मिळालें नाहीं. पण बागेंत प्रभूनेंही मागितलें होतें, हा प्याला टळो म्हणून. त्यालाही नाहींच मिळालें. तेव्हां मिळालें नाहीं म्हणून देणारा नाहीं, हें गणित मला सुटेना. त्या रात्रीं मी कोणाशीं तरी भांडत होतों. भिंतीशीं नव्हतों, एवढें मला ठाऊक आहे."

"हें प्रमाण नव्हे," आम्ही म्हणालों.

"नव्हेच. असतें तर तुम्हांस केव्हांच दिलें असतें."

त्यांच्या सूनबाईंनीं मागाहून सांगितलें कीं त्या अकरा दिवसांत मामंजींनीं घड्याळ पुढें ठेवून औषध दिलें, एक मात्रा चुकविली नाहीं, डॉक्टरांस एकदांही अडविलें नाहीं. अंधश्रद्धा देवाशीं करार करिते व करार मोडला कीं दुसरा देव शोधिते, किंवा जें घडलें तें घडलेंच नाहीं म्हणते. मास्तरांनीं यांतलें कांहींच केलें नव्हतें. मूल गेलें, हें ते स्पष्ट म्हणत. आणि मूल कोणाच्या हातीं गेलें, हेंही तितक्याच स्पष्टपणें म्हणत. आमच्या शंकेचें उत्तर पोथींत नव्हतें, तें पुष्कळसें येथें मिळालें. सगळें मिळालें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं.

दुसरे दिवशीं रविवार होता. मास्तर उपासनेस निघाले, आम्हीही बरोबर गेलों व मागच्या बाकावर बसलों. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या पुस्तकांत टिळकांचीं गीतें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं एक, अभंगाच्या चालीचें, पेटी-तबल्यावर सुरू झालें. साताऱ्यास आम्ही ज्याची जागा शोधीत होतों, त्याची आठवण झाली. मास्तरांच्या शेजारची जागा रिकामी होती. मूल तेथें बसत असे, असें मागाहून कळलें. पहिलीं दोन कडवीं मास्तर नुसते उभे होते. तिसऱ्यापासून तेही म्हणूं लागले.